पडद्यामागून पाहिलेला नाच

सुमनबाई डोईफोडे यांना मी प्रथम पाहिले ते वडवणीच्या मुलींच्या शाळेत. मी दुसरीत होते आणि डाव्या हाताने लिहीत होते. आई तक्रार घेऊन आली होती.

"बाई, हिचा हात बांधून टाका. सासरी नाव घालवील आमचं."

बाईंनी विचारले, "त्या पिक्चरमधली नटी कोणत्या हातानं भाकर थापती?"

आई थांबली. "डाव्या."

"मग तिचं काय वाकडं झालं?"

आई घरी गेली. मी आजही डाव्या हाताने लिहिते.

तो चित्रपट कोणता, हे आमच्या गावात सांगावे लागत नाही. नाचणारी मुलगी, ढोलकी वाजवणारा मुलगा, ताटातूट, आणि शेवटच्या नाचात भेट. जत्रेतल्या तंबूत तो दरवर्षी लागे. बाईंचे वडील मेंढरे राखत. जत्रेच्या सुमारास कळप वडवणीजवळ असे, म्हणून लहानपणी बाईंना तो पुन्हा पुन्हा पाहता आला. पुढे तंबू गेले. चित्रपटाची प्रत हरवली असे ऐकू आले. गाणी तेवढी रेडिओवर उरली. बाई शिक्षिका झाल्या आणि दर स्नेहसंमेलनात त्या गाण्यांवर, आठवणीतून, तेच नाच बसवू लागल्या.

मी अंबाजोगाईला साहित्य शिकवते. ती कथा मला भाबडी वाटत आली आहे. पण आमच्याकडे मुलीच्या हळदीला अजून तोच नाच होतो, आणि ज्या मुलींनी चित्रपट पाहिलेला नाही त्याही तो चुकत नाहीत. याचे कारण चित्रपट नव्हे, बाई होत्या, असे मी समजत असे.

बाईंना चूक चालत नसे. एखादी मुलगी उलटी गिरकी घेई, की सगळा नाच पहिल्यापासून. एका वर्षी तालुक्याच्या पुढाऱ्यांनी निरोप पाठवला, आमची मुलगी मधोमध ठेवा. बाईंनी उत्तर पाठवले, "पुढारीपण घरी. इथं जी ताल धरती ती मधी." मुलगी कडेला नाचली. नंतर बाईंनी तिला महिनाभर घरी बोलावून ताल शिकवला. पुढच्या वर्षी ती मधोमध होती.

यंदा बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. चित्रपटाची एक प्रत सापडली आहे आणि ती स्वच्छ केली आहे, असे कळले. आम्ही विद्यार्थिनींनी ती मिळवली. वडवणीच्या मंगल कार्यालयात आधी चित्रपट आणि मग शाळेच्या मुलींचा नाच, निवृत्तीनंतरही बाईच बसवतात तो, असे ठरले. मुली नऊवारी नेसून शेजारच्या खोलीत बसल्या होत्या.

पहिले गाणे सुरू झाले आणि बाई उठल्या.

"थांबवा. उलटी लावलीय फिल्म."

यंत्रावरचा माणूस म्हणाला, "बाई, नावं सरळ आली की."

बाई उभ्याच राहिल्या. पडद्यावर नटी उजवीकडे गिरकी घेत होती. पदर तिच्या डाव्या खांद्यावर होता. थोड्या वेळाने ती उजव्या हाताने भाकरी थापू लागली.

तंबूत पडदा मधोमध असे. यंत्राच्या बाजूला पुरुष बसत, पडद्यामागे बायका. मागून अक्षरे उलटी दिसतात, हे सगळ्या बायकांना ठाऊक होते. नाचही उलटा दिसतो, हे एकीच्याही मनात आले नव्हते. आमच्या तालुक्यातली प्रत्येक मुलगी आरशातला नाच नाचली होती. मला माझ्या डाव्या हाताकडे पाहवेना. ते अजून मला पचलेले नाही.

बाई खाली बसल्या. मला म्हणाल्या, "पोरींना घरी पाठव. नाच न्हाई व्हायचा. जल्मभर उलटं शिकवलं मी."

मागच्या रांगेतून रामभाऊ बोलले. ते बाईंच्या वयाचे, तंबूत पुरुषांच्या बाजूला बसणारे. "मला पयल्यापासून दिसत होतं."

"मग बोलला कावून न्हाई, रामभाऊ?"

"मला वाटलं, शाळेतलं तसंच असतंय."

कुणी हसले नाही. बाईंची मैत्रीण चंद्रभागाबाई पुढे सरकल्या. "सुमे, उलटं कुणाला? आमी तर असाच पाहिला."

चित्रपट चालू राहिला. मी पडद्याऐवजी बाईंकडे पाहत होते. शेवटच्या नाचाला ढोलकी सुरू झाली. मुलगा गर्दीतून आला, ती त्याला पाहून थांबली. अनोळखी बाजूने, उजव्या पायावर थांबली. सभागृहातल्या म्हाताऱ्या बायका रडू लागल्या. पुरुषही. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरले. या भाबड्या कथेत असे काय आहे, जे मागून पाहिले तरी सांडत नाही? मला सांगता येत नाही. मी ते आता शिकवणार नाही, तर वर्गात विचारणार आहे.

दिवे लागले. मुलींना थांबवायचे की पाठवायचे, मला कळेना. बाई स्वतः मंचावर गेल्या आणि त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"पोरी आता नाचतील. तुमी पाहिलं त्याच्या उलटं नाचतील. चूक माझी हाय, पोरींची न्हाई. टाळ्या द्यायच्या तर त्यांना द्या."

मुली नाचल्या. सगळ्या गिरक्या डावीकडे. सगळ्यांत आधी रामभाऊ उठून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे गेले. दार उघडे होते. रेडिओवर नव्हे, नातवाच्या फोनवर गाणे चालू होते. बाई भिंतीला एक हात टेकवून उजवीकडे वळत होत्या आणि अर्ध्यातच अडकत होत्या.

"बाई, हे काय?"

"उजवा पाय लई हट्टी हाय. ऐकत न्हाई." त्या पुन्हा वळल्या. "गॅदरिंगच्या आत ऐकवते त्याला."

बाईंना आयुष्य भरपूर लाभो. डोळे, कान आणि विशेषतः गुडघे शाबूत राहोत. त्यांचा अर्धा नाच अजून शिकायचा आहे.