पुतळाबाईने दिलेले आकडे

पुतळाबाईकडे गिरगावच्या एका सभेचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा ती एका बाळंतिणीला न्हाऊ घालीत होती, म्हणून त्याला चाळीच्या पायरीवर बराच वेळ ताटकळत बसावे लागले. लालबागच्या त्या चाळीत बूट घातलेला माणूस दिसला की लोक दारे लोटून घेत. एक तर तो पोरांना देवी टोचायला आलेला असे, नाहीतर कसल्या तरी कराची नोटीस घेऊन. हा मात्र कोणाचे दार ठोठावीत नव्हता. मांडीवर वही ठेवून नुसता बसून होता.

पुतळाबाई तेव्हा पंचेचाळिशीला आली होती. मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत बॉयलरवर होता, तो तापाने गेला त्याला बारा वर्षे झाली होती. तिला तीन मुले झाली आणि तिन्ही वर्षाच्या आत गेली. सासूकडून उचललेले सुईणपण तेवढे तिच्याजवळ उरले. ज्या बायांना बाळंतपणाला कोकणात जाणे जमत नसे, त्या लालबागपासून परळपर्यंत तिलाच बोलावीत. तिच्या हाताला यश आहे असे बाया म्हणत. ती स्वतः तसे कधी म्हणाली नाही, कारण बाळ सुखरूप बाहेर आले तरी पुढचे वर्ष ते काढील की नाही, हे तिच्या हातात नव्हते.

त्या माणसाचे नाव हेमचंद्र विजयकर. बी.ए. झालेला, गिरगावात राहणारा, पंचविशीचा. त्याने आपले येणे समजावून सांगितले. गिरगावात खोताच्या वाडीजवळ एका माडीवर काही विद्वान गृहस्थांनी ‘लोकसंख्या-विचार मंडळी’ नावाची सभा काढली होती. मुंबई इलाख्यात माणसे किती जन्मतात, किती मरतात, कोणत्या वयात आणि कशाने मरतात, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा, लोकांना त्या विद्येची गोडी लागावी, असा सभेचा उद्देश. पेन्शनीत निघालेले न्यायाधीश तात्यासाहेब हे अध्यक्ष. १८९१ सालची खानेसुमारी, म्हणजे माणसांची शिरगणती, झाल्यावर तात्यासाहेबांनी सरकारी दप्तरातून गिरणगावचे आकडे मागवले, तेव्हा त्यांना आढळले की वर्षात जितकी तान्ही मुले जन्मली, त्याहून जास्त मेली आहेत. जन्मल्यावाचून माणूस मरतो कसा, हे कोडे सोडवायला हेमचंद्राला छापील तक्ते देऊन धाडले होते. दोन महिने तो चाळी फिरला. पुरुषांनी कानावर हात ठेवले आणि बायांनी तोंडावर पदर घेतला. शेवटी तुळशीदास दुकानदाराने त्याला सांगितले की सुईणीला विचारा, तिला ठाऊक नाही असे पोर या बाजूला नाही.

पुतळाबाईने पहिल्या दिवशी त्याला वाटेला लावले. दुसऱ्या खेपेला त्याने तिला तिच्याच मुलांविषयी विचारले. किती झाली, किती राहिली, गेली ती कितव्या महिन्यात. असे तिला आजवर कोणी विचारले नव्हते. नवऱ्यानेसुद्धा नाही. ती सांगत गेली आणि तो मान खाली घालून लिहीत गेला, आणि तिला वाटले की आपल्या तीन पोरांना कुठेतरी जागा मिळाली.

मग तिने दोन अटी घातल्या. कोणत्याही बाईचे नाव कागदावर चढायचे नाही. आणि पोर मेले एवढेच लिहायचे नाही, ते का मेले असे तिला वाटते, तेही लिहायचे. हेमचंद्राने दोन्ही कबूल केल्या. तो खोटा माणूस नव्हता. कबूल केले तेव्हा त्याच्या मनात तसेच होते.

पुढची दोन वर्षे दर गुरुवारी दुपारी तो येई आणि पुतळाबाई आठवड्याचे सांगे. कोणती मुले गावी जन्मली आणि इथे येऊन गेली. कोणती इथे जन्मली पण कोणी नोंदवली नाहीत. कोणती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच गेली आणि शिवडीच्या खाजणाकडे पुरली गेली, ज्यांचा ना जन्म लिहिला गेला ना मरण. तात्यासाहेबांचे कोडे पहिल्या सहा महिन्यांतच सुटले. पण पुतळाबाईचे खरे सांगणे पुढेच होते. खोल्यांच्या खालून गटार वाहते आणि जमिनीला ओल असते. बाई बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी गिरणीत रिळांच्या खात्यात उभी राहते, नाहीतर नाईकीण, म्हणजे बायांवरची मुकादमीण, दुसरीला तिच्या जागी घेते. पोर मग दिवसभर भुकेने रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी चाटवतात. हे तिने शंभरदा सांगितले आणि हेमचंद्राने शंभरदा लिहून घेतले.

आपल्याला जे ठाऊक नसे ते ती बायांना जाऊन विचारी. बाया सांगायला नाखूष असत. ती त्यांना समजावी, की ही शिकलेली माणसे आहेत, यांचे सरकारात वजन आहे, यांनी लिहिले तर गटार बुजेल, गिरणीवाले बाळंतिणीला महिनाभर तरी घरी राहू देतील. हे तिला कोणी सांगितले नव्हते. एवढे लिहून घेतात त्याअर्थी पुढे काहीतरी करणारच, असे तिने आपल्या मनाशी धरले होते. शिवाय तिला या कामाचा थोडा अभिमानही झाला होता. गिरगावचा पंडित आपल्या पायरीवर बसतो, आपण बोलू तसे लिहितो, हे चाळ बघत होती.

शेजारच्या चाळीत मालन राहत असे. नवरा शिवा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, ती रिळांच्या खात्यात. चार मुले झाली, एकही राहिले नाही. तिसरे मूल गेले त्या वेळी शिवा शिमग्याला गावी गेला होता. मालनने त्या सकाळी बाळगोळी रोजच्यापेक्षा जास्त दिली होती, कारण आदल्या दिवशी पोर रडले म्हणून शेजारीण गिरणीच्या दारापर्यंत बोलवायला आली होती आणि नाईकिणीने तंबी दिली होती. संध्याकाळी ती परतली तर पोर उठले नाही. हे तिने जगात एकट्या पुतळाबाईला सांगितले होते, पदरात तोंड घालून, आणि पुतळाबाईने आपल्या मेलेल्या पोरांची शपथ घेऊन तिला सांगितले होते की हे माझ्यापाशीच राहील.

तरी एका गुरुवारी पुतळाबाईने ते हेमचंद्राला सांगितले. नाव नाही सांगितले. तिला वाटले, बाळगोळीचे नुसते सांगून या लोकांना कळायचे नाही, आई आपल्या हाताने असे करून बसते ते कशापायी, हे कळले पाहिजे. हेमचंद्राने विचारले, महिना कोणता? तक्त्यात मुलुख, नवऱ्याचे काम, कितवे मूल असे रकाने होते, ते तिने आधीच सांगितले होते; महिन्याचाही रकाना होता. ती म्हणाली, शिमग्याचा, नवरा गावी गेला होता तेव्हाचा. त्याने तेही लिहिले.

९६ सालच्या आरंभी मंडळींची वार्षिक सभा भरली आणि पुतळाबाईला बोलावणे आले. ठेवणीतले लुगडे नेसून ती गिरगावात गेली. माडीवर खुर्च्या मांडल्या होत्या. तिला दाराजवळ सतरंजीवर जागा दिली. पुढच्या रांगेत एक गिरणीवाले शेट बसले होते. अहवाल छापायला त्यांनीच उदार हस्ते मदत केली असे हेमचंद्राने तिला हळूच सांगितले, आणि तिला ते ऐकून बरे वाटले, की ज्याने ऐकायला हवे तोच पुढे बसला आहे. तात्यासाहेबांनी तासभर इंग्रजीत निबंध वाचला. तिला त्यातले अक्षर कळले नाही. एकदा मात्र तिचे नाव आले, आणि साऱ्या खुर्च्या मागे वळल्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुतळाबाईने उठून हात जोडले. परत चालत येताना तिने वाटेत भेटलेल्या दोघी-तिघींना सांगितले की काम झाले.

पंधरा दिवसांनी एका मराठी वर्तमानपत्रात त्या निबंधाचा सारांश आला. रविवारी तुळशीदास आपल्या दुकानाच्या फळीवर बसून गिरणीच्या माणसांना पत्र वाचून दाखवी. पुतळाबाई मीठ घ्यायला आली होती. गिरणगावातील बालमृत्यूची मंडळींनी केलेली चौकशी, असा मथळा होता, म्हणून ती थांबली. आकडे आले, ते तिचेच होते. मग कारणे आली. पहिले कारण, अडाणी सुइणींचा अमंगळपणा. दुसरे, मातांचे अज्ञान व अपत्यांविषयीची बेफिकिरी. गटाराचे एक वाक्य होते. गिरणीचा शब्द नव्हता. मग तुळशीदासाने पुढचे वाचले:

‘या वर्गातील स्त्रियांची निष्ठुरता कोणत्या थरास गेली आहे याचे उदाहरण म्हणून, लालबागेतील एका मालवणी स्त्रीने, साच्यावर काम करणारा आपला पती शिमग्यास गावी गेला असता, आपले तिसरे अपत्य अफूने मारिले, ही हकीकत सभेपुढे ठेवण्यात आली.’

तुळशीदास वाचता वाचता थांबला, पण उशीर झाला होता. ऐकणाऱ्यांत शिवा बसला होता. शिमग्यात घरी नसताना ज्याचे तिसरे पोर गेले, असा साचेवाला त्या चाळींत एकच होता. तो उठला, धोतर झटकले आणि घराकडे गेला.

पुतळाबाई मीठ तिथेच टाकून त्याच्यामागे धावली. ती पोचली तेव्हा शिवा खोलीत नुसता उभा होता आणि मालन भिंतीला टेकून बसली होती. त्याने तिच्यावर हात टाकला नव्हता. मालनने पुतळाबाईकडे बघितले आणि ती म्हणाली, “तू सांगितलंस.”

“नाव नाय सांगितलं गो,” पुतळाबाई म्हणाली.

मालनने तोंड भिंतीकडे फिरवले. तिला तेव्हा तिसरा महिना होता. चौथ्या दिवशी शिवाने तिला धक्क्यावरून आगबोटीत बसवले, गावी आपल्या आईच्या दारात सोडले आणि एकटा परत आला. पुढच्या वर्षी त्याने दुसरे लग्न केले.

पुतळाबाई गिरगावात गेली. हेमचंद्र माडीवर एकटाच तक्ते जुळवीत बसला होता. तिला पाहून तो उभा राहिला. ती काय विचारणार हे त्याला ठाऊक होते. त्याने सांगितले की त्याने सारे लिहिले होते, गिरणीचे वेगळे प्रकरण केले होते. मंडळींनी ते गाळले. तात्यासाहेब म्हणाले की कारणांविषयी सुईणीचे मत म्हणजे शास्त्र नव्हे, आणि शेटजींना पाहुणे म्हणून बोलावून त्यांचा अपमान करणे शोभणार नाही. ते एक उदाहरण मात्र तात्यासाहेबांना फार परिणामकारक वाटले.

“नाव तर छापलं नाही, पुतळाबाई,” हेमचंद्र म्हणाला. “आणि आकडे खरे आहेत. उद्या दुसरं कोणी त्यावरून काही करील.”

“आकडे खरेच,” ती म्हणाली. “पण मास्तर, ती निष्ठुर असं मी कधी म्हटलं?”

मग त्याने छापील अहवालाची एक प्रत तिच्यापुढे धरली. पहिल्या पानावर तिचे आभार मानले होते, ते त्याने बोट ठेवून दाखवले. पुतळाबाईने प्रत घेतली नाही. जिना उतरताना तिला आठवत होते ते एवढेच, की टाळ्या झाल्या तेव्हा आपण हात जोडले होते.

त्यानंतर तिला बाळंतपणाची बोलावणी कमी होत गेली. कोणी तिच्याशी भांडले नाही. बायांना कळा सुरू झाल्या की घरचे माणूस शिवडीच्या सुईणीकडे जाई. एखादी अडली तर पुतळाबाईला बोलावीत, पण तेव्हाही खोलीतले बोलणे ती आत शिरताच थांबे. एकदा एका म्हातारीने तिच्या तोंडावर म्हटले की हिच्यासमोर काही बोलू नका, ही गिरगावला पोचवते. पुतळाबाईने नाळ कापली, बाळ पुसले आणि ती घरी आली. म्हातारीचे काही खोटे नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत प्लेग आला. लोक गाठोडी बांधून कोकणात पळाले, चाळींना कुलपे लागली. गिरण्यांना माणसे मिळेनात, तेव्हा ज्याने कधी गिरणी पाहिली नाही त्यालाही दारातून आत घेऊ लागले. पुतळाबाई वाया गेलेला कापूस निवडायला लागली. सुईणीची बोटे हलकी, म्हणून काम तिला लवकर जमले.

हेमचंद्र एकदा तिथेही आला. मंडळी प्लेगच्या मृत्यूंचे तक्ते करीत होती, लोक मेलेले लपवीत होते. त्याने तिला स्वतःला सांगायला म्हटले नाही. कोणी सांगण्याजोगे माणूस तिच्या ओळखीचे आहे का, एवढे विचारले. ती म्हणाली, नाही. नंतर ऐकू आले की पुढच्या खानेसुमारीच्या कचेरीत त्याला चांगली जागा मिळणार आहे. त्याचे वाईट व्हावे असे तिला कधी वाटले नाही. पण भले झालेले ऐकून तिच्या तोंडाला कडवटपणा आला, तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यानंतर पळालेली माणसे परतू लागली. मालनच्या गावची रखमा परत आली आणि पुतळाबाईच्या शेजारीच कापूस निवडायला बसली. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पुतळाबाईने स्वतःच मालनचे विचारले.

रखमाने सांगितले की मालनला मुलगी झाली. सासूने ठेवून घेतले नाही, तेव्हा ती आपल्या भावाकडे राहते, भात लावते, मासळी विकते. पोरगी वर्षाची झाली. चांगली गुटगुटीत आहे, भिंत धरून चालते.

पुतळाबाईच्या हातातला कापूस तसाच राहिला. पाचवे पोर, आणि ते जगले. तिने विचारले, “नाव काय ठेवलं गो?”

रखमाने मान वळवली. मग हळू आवाजात म्हणाली, “पुतळाक्का, तिने सांगून धाडलंय. पोरगी जगली हे सांग, नाव सांगू नको.”

पुतळाबाईने मान डोलावली. बरोबर आहे, असे ती म्हणाली. मग तिने पाटी जवळ ओढली, कापसातला कचरा वेचायला घेतला, आणि भोंगा होईपर्यंत पुन्हा काही विचारले नाही.