एक नंबरची ओळ

चोवीस मे. वरवट बकालच्या माझ्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये जुनी वेबपानं दुरुस्त करायला बसले होते. कोड लिहायच्या नव्या एडिटरनं माझ्या प्रोग्रामात जागोजागी एकाच शब्दावर आडवी रेघ मारली होती. फॉन्टसाइज.

बरीच वर्षं हीच पद्धत माझ्या हाताला होती. मजकूर लिहायचा, पुढे टिंब, मग हा शब्द आणि कंसात एक ते सातमधला आकडा. सात म्हणजे सगळ्यांत मोठं अक्षर, एक म्हणजे सगळ्यांत बारीक. आता ही पद्धत वापरू नका, आकार स्टाइलमध्ये वेगळा लिहा, म्हणतात. शोधायचं आणि बदलायचं, एवढंच काम. अकरा पानं झाली. बारावं बियाण्याच्या दुकानाचं निघालं.

बीटी कपाशी नवी होती तेव्हाचं ते पान. मी ते करत असताना दुकानदार खुर्ची ओढून शेजारीच बसला होता.

"वाणाचं नाव ठसठशीत पाह्यजे, ताई. लांबून दिसलं पाह्यजे."

"आणि 'फक्त ओलिताच्या जमिनीसाठी' हे?"

"टाका ना खाली कुठंतरी. पाकिटावर तरी कोण वाचते!"

मी नावाला सात दिला, त्या ओळीला एक. मराठी अक्षर तेव्हा एक नंबरात धड उठतही नसे. ते मला दिसत होतं. एका आकड्यात पान कसं आटोपशीर बसलं, म्हणून मी खूशच होते.

पंधरवड्यानं गावातली एक मावशी आली. नवरा नाही, मूलबाळ नाही. कोरडवाहू वावर एकटीच कसायची. चौथीपर्यंत शिकलेली, दुकानदारावर विश्वास नव्हता म्हणून त्या बियाण्याबद्दल मला विचारायला आलेली. मी तिला ते पान उघडून दाखवलं. स्क्रीनला नाक लावून म्हणाली, "हे खाली काय लिह्यलं हाये वं? मुंग्या चालून राह्यल्या जशा. माह्या चष्म्यात खोट हाये का तुह्या डब्यात?"

मागे फॉर्म भरायला माणसं उभी होती. ती माणसं हसली, मीही हसले. "काही नाही मावशी. नेहमीचंच असते."

ती ओळ माझ्याच हातानं टाइप केलेली होती. एक वाक्य वाचून दाखवायला किती वेळ लागतो?

तिनं सगळ्या वावरात तेच बियाणं लावलं. ऐन पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्या, लागायच्या वेळी पावसानं खंड दिला. ओलितवाल्यांनी पाणी दिलं. हिच्या वावरात पात्या गळाल्या, झाडं उभी वाळली. त्या हिवाळ्यात ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जात होती. बाजारात भेटली तेव्हा तिनंच विषय काढला.

"पाकिटावर होतं म्हनतात लिह्यलेलं. मलेच दिसलं नाही. चष्मा बदलाव लागते आता."

"हो, बदलून घ्या," मी म्हणाले.

तिनं खरंच बदलला. तो चष्मा घालून ती पुढे कितीदा तरी सेंटरमध्ये आली. प्रत्येक वेळी मी आधी तिच्या चष्म्याकडे बघायची आणि मग कीबोर्डकडे.

दुकान कधीच बंद झालं आहे. ते पान कोणी उघडत नाही. तरी त्या दिवशी मी ते दुरुस्त केलं नाही. एक नंबर होता तसाच ठेवला आणि पानाचा प्रिंट काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटर उघडायच्या आधी तिच्या घरी गेले. ती अंगणात सुपात तूर पाखडत होती. म्हणाली, "बस वं, चहा ठेवतो." मी उभीच राहिले. कागद तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, मग जवळ आणला.

"मावशी, तुमचा चष्मा बरोबर होता. ही ओळ मी बारीक केली होती. तुम्ही विचारलं तेव्हा काय लिहिलंय ते मला माहीत होतं."

तिनं सूप खाली ठेवलं. मी कागद परत घेतला आणि ती ओळ तिला मोठ्यानं वाचून दाखवली.