डोळ्याखाली टेकलेली गाठ

शब्बीरचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसगावच्या बाजारात भोंदूगिरीविरुद्धची पत्रकं वाटत होते. फोन चाचींचा होता. "तुझे चाचा गेले गं," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू ठेवून घरात कुणाशी तरी पाण्याच्या पिंपाबद्दल बोलायला लागल्या. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, कारण ते लपवलं तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मला रडू आलं नाही. मला वाटलं, आता सगळे म्हणणार, बघा, आम्ही सांगत होतो... मी तशीच एसटी स्टँडकडं निघाले. वाटेत भेळवाल्यानं हाक मारून विचारलं, "फोटोवाले चाचा गेले म्हनं? बसले हुते ना त्या काचंफुडं?" त्यांच्या घरी पोचेपर्यंत मला तेच तिघांनी विचारलं होतं.

ती काच म्हणजे एक लेन्स. चाचांचा स्टँडसमोर चिंचोळा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नाचं शूटिंग, दहावी-बारावीच्या फॉर्मचे फोटो. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी मिररलेस कॅमेरा घेतला, पण त्याच्यावर लावली ती एक जड, काळी, पूर्ण हातानं फिरवायची लेन्स. पंच्याऐंशी मिलिमीटरची, एफ एक पॉइंट दोनची. कॅमेरा आपण होऊन फोकस करायला तयार, आणि हा माणूस कडं फिरवत बसणार. मी विचारलं तर म्हणाले, "मशीन चेहरा हुडकतं. मला डोळा लागतो." अशा लेन्सचं तोंड मोठं. पत्र्याच्या अंधाऱ्या खोलीत दिवा न लावता दारातून येईल तेवढ्या उजेडावर ती काम करते. पण पूर्ण उघडी ठेवली की फोकस कागदासारखा पातळ होतो. डोळा लख्ख, तर त्याच माणसाचा कान धूसर. समोरचा माणूस बोटभर जरी पुढं झुकला तरी गेला. चाचा एकटेच कॅमेरा बघायचे आणि माणसाला बोलतंही करायचे, म्हणून त्यांनी स्वतःची एक युक्ती काढली होती. लेन्सच्या खाली एक सुतळी बांधलेली, सुतळीला एक गाठ. लेन्सच्या कड्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका. कडं ठिपक्यावर आणायचं, सुतळी ताणायची आणि गाठ माणसाच्या डाव्या डोळ्याखालच्या हाडावर टेकवायची. मग सुतळी सोडायची, ती खाली लोंबायची, आणि चाचा हलक्या आवाजात म्हणायचे, "आता डोकं हलवू नका. बोला."

मी त्यांच्याकडं गेले ती खडी क्रशरसाठी. आमच्या भागात डोंगराच्या कडेनं क्रशर आहेत आणि त्यांच्यावर काम करणारी माणसं चाळिशीत म्हातारी होतात. खोकतात, वाळतात, मरतात. कागदावर टीबी लिहिला जातो. टीबी लिहिला की प्रश्न मिटला, कारण टीबीला मालक नसतो. छातीत दगडाची भुकटी बसलीय असं लिहिलं, तर ती कुणाच्या क्रशरची हे विचारावं लागेल. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलं की समोरून विचारणा व्हायची, पुरावा काय? म्हणून मी ठरवलं, माणसांनाच बोलू द्यायचं. चाचा म्हणाले, "चल की मग. माझं काय, लगीनसराई संपली हाय."

पहिले बसले ते क्रशरवरचे गोरखदादा. कामगारांच्या वस्तीवर, त्यांच्या खोपटात, दाराकडं तोंड करून. व्हिडिओ मी नंतर मोठ्या पडद्यावर बघितला. त्यांच्या पापण्यांच्या एकेका केसावर पांढरी भुकटी होती. पिठाच्या गिरणीवाल्याच्या पापण्यांवर असते ना, तशी. मागचा पत्रा, भांडी, कॅलेंडर, सगळं विरघळून गेलेलं आणि त्या विरघळलेल्यातून फक्त एक डोळा आपल्याकडं बघतोय. याहून मोठा पुरावा मला आजवर मिळालेला नाही.

दोन महिन्यांत गोरखदादा गेले. त्यानंतर बसलेले आणखी दोघं गेले. यात गूढ काहीच नव्हतं. जे सगळ्यात आजारी त्यांचं आधी घ्यायचं, हे मीच ठरवलं होतं. पण वस्तीनं वेगळं बघितलं होतं. फोकस लागला की कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर कडांना लाल रेघ चमकते, फोटोवाल्याला कळावं म्हणून केलेली ती सोय आहे. गोरखदादांच्या बायकोनं, शेवंतावहिनीनं, नवऱ्याच्या डोळ्याभोवती ती लाल रेघ येताना मागून पाहिली होती. आणि ती सुतळी, तिरडीचं माप घ्यावं तशी... क्रशरवरच्या मुकादमाला आयतंच मिळालं. "माप दिलं का रं चाचाला?" तो कामावर एकेकाला विचारायचा. "उंचीचं घेतो का रुंदीचं?" लोक हसायचे आणि घरी जाऊन नाव मागं घ्यायचे. चाचांनी लाल रेघ बदलून पिवळी केली. मला दाखवत म्हणाले, "आता हळद लागली म्हनत्याल." त्यानं काही झालं नाही. तयार झालेल्यांतला एकही जण बसेना.

मग मी ते केलं, ज्याबद्दल हा लेख आहे. वस्तीवरच्या समाजमंदिरात सगळ्यांना गोळा केलं आणि काच माणूस मारत नाही, धूळ मारते, यावर माझं नेहमीचं भाषण ठोकलं. शेवंतावहिनी शांतपणे म्हणाली, "मग चाचाच का बसत न्हाई कधी?" सगळ्यांनी चाचांकडं पाहिलं. खरंच, त्या लेन्ससमोर ते स्वतः कधीच बसले नव्हते. ते म्हणाले, "माझा मीच कसा काढू? गाठ कोन धरंल?" हशा पिकला. मला तिथंच थांबता आलं असतं. पण माझी जीभ पत्रकांवर वाढलेली... मी भर सभेत म्हणाले, "चाचा, तुम्ही पण घाबरता का?" ते हसले. टोपी काढून झटकली, परत घातली. "बरं," म्हणाले, "बसतो."

दोन-तीन दिवसांनी बसले, भर दुपारी, स्टुडिओचं शटर अर्धं ओढून, एकटेच. मला कळवलं नाही, चाचींना तेवढं सांगितलं, आणि चाचींच्या तोंडून ते गावभर झालं. तीन आठवड्यांनी गेले.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर चाचींनी मला स्टीलचा डबा दिला. आत मऊ फडक्यात लेन्स, सुतळी आणि कॅमेऱ्याचं एक मेमरी कार्ड. काचेत धुळीचा कण जाऊ नये म्हणून ते तिला असं डब्यात ठेवायचे, घट्ट झाकणाच्या. कार्डावर एकच व्हिडिओ होता.

चौकट आधी रिकामी आहे. धूसर भिंत, खुर्ची. मग एक धूसर आकार येऊन बसतो, हातात सुतळी घेऊन हळूहळू पुढं झुकतो आणि झुकता झुकता एका जागी त्याचा डोळा लख्ख होतो. हातानं फिरवायची लेन्स, पलीकडं फिरवायला कुणी नाही, म्हणून माणूसच झुकत फोकसमध्ये आला होता. "माजं नाव शब्बीर," ते म्हणतात. "स्टुडिओ टाकायच्या आदी बारा वर्सं मी क्रशरवर हुतो. चाळनीखाली. हे त्या पोरीला ठाव न्हाई." मग खोकला. डोकं हलत नाही. "ती म्हनली घाबरता का. व्हय, घाबरतो. पर काचंला न्हाई. छातीचा फोटो काढून दाखिवलाय मला डॉक्टरनं, लई पांढरी झालीया. मी हितं बसलो आन् गेलो, तर लोक काचंलाच बोल लावत्याल आन् पोरीचं काम बुडंल. म्हनून बसत नव्हतो. आता न बसता गेलो तर म्हनत्याल, चाचा भ्याला." आणि शेवटी, "तवा पोरी, माझ्यामागं तू बस. तू धडधाकट हायेस. तू बसलीस आन् जगलीस, म्हंजी मिटलं."

हे मी किती वेळा पाहिलं ते मोजलं नाही. आणि दर वेळी माझी नजर त्यांच्या डोळ्यावरून घसरून चौकटीच्या खालच्या भागात जाते. तिथं सुतळी दिसते, कॅमेऱ्याजवळ असल्यामुळं नुसता फिकट पट्टा. बोलायच्या आधी चाचा गाठ सोडतात. हात खाली मांडीवर जातो, दोन्ही हात मांडीवर दिसतात. पट्टा मात्र खाली पडत नाही. ते बोलत असतात तोवर तसाच ताणलेला राहतो, आणि त्यांचं बोलणं संपलं की पडतो. घामानं गाठ गालाला चिकटली असेल. नक्कीच चिकटली असेल. मी भोंदूगिरीविरुद्ध पत्रकं लिहिणारी मुलगी आहे... तरीही कार्ड काढून घेतल्यावर तीन आठवडे मी तो डबा परत उघडला नाही, लेन्ससमोर बसायचं तर दूरच. मुकादम वाटेत भेटला की नुसता हसायचा.

परवा बसले. वस्तीवर, शेवंतावहिनीच्याच खोपटात, गोरखदादा बसले होते त्याच जागी. दारात माणसं उभी होती. आता हे तुम्ही वाचत असाल तेव्हाही ती माणसं माझ्यावर नजर ठेवून असतील, मी साधी ठसकले तरी एकमेकांकडं बघतील, आणि मला फक्त एवढंच करायचं आहे की मरायचं नाही. त्यानंतर त्यांच्यातला एकजण बसणार आहे. तसा शब्द दिलाय त्यानं.

मी कडं पांढऱ्या ठिपक्यावर आणलं. गाठ शेवंतावहिनीनं धरली. सुतळीला अजून चाचांच्या तंबाखूचा वास होता. तिनं गाठ माझ्या डाव्या डोळ्याखाली टेकवली, मागं वाकून स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाली, "पिवळी आली बाई." मग तिनं हात काढून घेतला. सुतळी खाली पडली की नाही, मला माहीत नाही. मी बघितलं नाही. डोकं हललं असतं.