प्रत्येक दुखण्यामागे एक पाप

सिंगापूरला मी जुन्या मराठी पोथ्यांवर पीएचडी करत होते, तेव्हाची गोष्ट. तिथल्या बिशान भागात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या गृहस्थांच्या घरी महिन्यातून एकदा मराठी वाचनाची बैठक भरायची. एका रविवारी त्यांनी मला बोलायला बोलावलं. विषय होता, मध्ययुगातला माणूस जगाकडे कसं बघायचा.

मी मन लावून तयारी केली होती. त्या जगात ग्रहांपासून अंगावरच्या फोडापर्यंत सगळं एका दोऱ्यात ओवलेलं होतं, योगायोग म्हणून काही नव्हतंच, असं मी सांगितलं. म्हणून पोथीत कुणी आजारी पडलं की श्रोते त्याचं मागल्या जन्मीचं पाप ऐकायला सरसावून बसत. कथेची बांधणीच त्यावर उभी असे. यात एक सौंदर्य आहे, असंही मी म्हणाले. ते वाक्य आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

या सगळ्याला मी त्या काळचा ‘दृष्टिकोन’ म्हटलं होतं, तो शब्द यजमानांना खटकला. हे सत्यच आहे, असं त्यांचं म्हणणं. ते साहित्य म्हणून वाचावं, रोगाचं निदान म्हणून नाही, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांनी कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेल्या माझ्या सहा वर्षांच्या मुलीकडे पाहिलं. तिच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं होती.

“एवढं वाचता, तर हिचं कारण शोधलं असेलच तुम्ही.”

“गरोदरपणात मला ताप आला होता,” मी म्हणाले.

“हो, पण तो तुम्हालाच का आला?”

आवाज अगदी काळजीचा. खोलीत पंधरावीस शिकलेली माणसं होती, बरेचसे इंजिनिअर. सगळे माझं उत्तर ऐकायला सरसावून बसले. मी कागद गोळा केले, मुलीचा हात धरला आणि टॅम्पिनीसला घरी आले.

दुसऱ्या दिवशी यजमानांच्या पत्नीचा फोन आला. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, म्हणाल्या.

“मनात नव्हतं, तर तोंडात कुठून आलं?” एवढं विचारून मी फोन ठेवला.

त्या आठवड्यात प्रबंधातलं या कथांवर लिहून झालेलं प्रकरण मी काढून टाकलं. त्याच कथा पुन्हा वाचल्या, या वेळी रागाने. कोड फुटलेली बाई, आंधळा जन्मलेला मुलगा. त्यांचं पाप सांगायला पानंच्या पानं होती आणि त्यांच्या तोंडी एक वाक्यही नव्हतं. नवं प्रकरण त्यावर लिहिलं. भाषा जहाल झाली आहे, असं गाईड म्हणाल्या. मी एक शब्द बदलला नाही.

पीएचडी मिळाल्यावर बैठकीने माझा सत्कार ठरवला. यजमान स्वतः शाल देणार होते. त्या निरोपाला मी उत्तरसुद्धा पाठवलं नाही.