मागं राहिलेल्याची हाक

आमच्या आप्पांना बासष्टाव्या वर्षी व्हिडिओ गेमचं याड लागलं, असं आटपाडीत लोक हसून सांगत्यात. सांगू द्यात, लोकांना काय काम? माझ्या बापानं सारा जन्म मेंढरांमागं काढला. दिवाळी झाली की कळप घेऊन कोयनानगरवरनं घाट उतरायचा, पावसाळ्याच्या तोंडाला माघारी यायचं. त्यांना गेमचं काय पडलंय? पण त्या गेममधी माझा भाऊ हाय.

बिरदेव पुण्यात गेम करणाऱ्या एका लहान कंपनीत आवाजाचं काम करायचा. 'काळकडा' नावाचा मारामारीचा गेम. त्यातले पहारेकरी धुक्यात एकमेकांना हाका मारत्यात. बिरदेवनं त्या हाका स्वतःच्याच गळ्यानं भरल्या, मेंढरं बोलवायच्या. तवा समीक्षकांनी लय टिंगल केली. एकानं लिवलं, हे पहारेकरी हायत का मेंढके? बिरदेव फोनवर हसला. म्हणला, "बरोबर वळखलं की गड्यानं."

पुढल्या वर्षी घरी येताना लोणंदच्या अलीकडं त्याच्या मोटरसायकलीला ट्रकनं उडवलं, जागीच गेला. टीव्हीला जोडून गेम खेळायचा त्याचा जुना कन्सोल घरी होता, त्योबी पावसात भिजून बंद पडला.

त्याला दोन वर्सं झाली आणि कंपनीनं तोच गेम घासूनपुसून नव्या कन्सोलसाठी काढला. मी विट्याला मोबाईलच्या दुकानात कामाला हाय. पगारातनं कन्सोल आणला, आप्पांसमोर लावला. चित्र झकास होतं, पण हाका गेल्या होत्या. कुणीतरी शहरी गळ्याचा माणूस वरडत होता. आप्पा उठून गोठ्याकडं गेले. आणि समीक्षक सगळे खूश! 'गावठी आवाज अखेर गेला, दहापैकी नऊ.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावठी म्हणं.

मग साताऱ्याच्या ऋषिराजचा व्हिडिओ बघितला. त्यो मराठीत गेमची परीक्षणं करतो. त्यानंबी नऊच दिले आणि दहावा का कापला ते सांगितलं. तिसऱ्या टप्प्यात ओढ्यापाशी थांबलं की धुक्यातनं एक जुनी हाक येते. हाक मारणारा कुठंच दिसत न्हाई. काढायची राहून गेली असंल, पण अंगावर काटा येतो, कंपनीनं चूक दुरुस्त करावी.

दोन रविवार मोडले तवा मी त्या ओढ्यापाशी पोचले. हाक आली. लांब, मधेच चिरलेली, बिरदेवचीच. आई तोंडाला पदर लावून आत गेली. आप्पा खाटेवरनं उठले आणि टीव्हीकडं बघून म्हणले, "आलो रं."

त्या दिवसापासनं आप्पांनी कळप चुलत्यावर टाकला. सकाळी गेममधल्या ओढ्यापाशी जाऊन बसायचं, हाक आली की ओ द्यायची. भाकरी अर्धी ताटातच राहायची. मला भ्या वाटायचं, पण बरंबी वाटायचं. घरात परत बिरदेवचा आवाज होता.

मी ऋषिराजला खाली कमेंटमधी चांगलाच झाडला. त्यानं लिवलं, "ताई, मला ठाऊक नव्हतं, माफ करा. पण कंपनीनं दुरुस्ती पाठवली आहे. नेट जोडलं की ती हाक जाईल." मी लगेच कन्सोलचं नेट तोडलं, हाक मोबाईलवर घेऊन ठेवली आणि आप्पांना सांगितलं, "आता त्याला कुणी काढत न्हाई."

आप्पांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणले, "ही हाक कसली, ठावं हाय का तुला?"

"मेंढरं बोलवायची."

"न्हाई. घाटात धुकं पडलं आणि एखादं कोकरू मागं राहिलं की ही मारायची. ते ओ देईस्तवर थांबायचं न्हाई, असा आपला नेम हाय. मी रोज ओ देतोय, पोरी, पर त्याला ऐकूच जाईना. किती दिस हाका मारंल त्यो? गळा सुकला असंल. नेट जोड. थांबू दे त्याला."

"आवं आप्पा, मग आपल्याकडं काय राहील?"

"माझ्याकडं हाय त्यो. तिथं नगं."

मी लय रडले. त्यांच्यावर चिडलेबी. शेवटी नेट जोडलं. चहा उकळेपर्यंत दुरुस्ती उतरली. आप्पा ओढ्यापाशी थांबले. धुकं होतं, पाणी वाजत होतं, आणखी काही न्हाई. त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले आणि दुसऱ्या सकाळी कळपामागं गेले.

जाताना इचारलं, "मोबाईलवरचीबी पुसलीस न्हवं?"

"व्हय," म्हणले मी.

खोटं बोलले. विट्याला जाताना एसटीत मी ती कानाला लावते. संपली की परत सुरू होते. कोकरू कशी ओ देतं ते मला लहानपणापासनं ठावं हाय. पण भरल्या गाडीत तोंड उघडत न्हाई, आणि त्यो थांबत न्हाई.