भाड्यात फिटणारं घर

लोक हळहळतात. "तुमचं घर गेलं तेव्हा किती वाईट वाटलं असेल," म्हणतात. अहो, घर कुठं गेलं? आम्ही त्याच घरात राहत होतो. माझं लग्नही त्याच दारात झालं. आणि वाईट वाटलं का म्हणाल, तर तेही नाही. काहीच वाटलं नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं बाई दगडाच्या काळजाची आहे. असेन. माझी तक्रार नाही.

सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हाची गोष्ट. अप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आम्ही चाळीतल्या एका खोलीत राहायचो. अव्वाला, माझ्या आईला, एकच गोष्ट हवी होती, स्वतःचं घर. साडी नको, सोनं नको. बाजारातून येताना वाटेत कुठं बांधकाम दिसलं की ती पिशवी खाली ठेवून बघत उभी राहायची. मी हात ओढला की खेकसायची, "बिडु गं! सोड हात. बघू दे की जरा."

मग एकाच वर्षी दोन घरं चालून आली. पहिलं गिरणी कामगारांच्या सोसायटीचं. गावाबाहेर प्लॉट, कर्ज सोसायटीचं, हप्ता पगारातून कापणार. घर कामगाराच्या नावावर, पण कर्ज फिटेपर्यंत सोसायटीकडं गहाण. अप्पांच्या खात्यातल्या जोडीदारानं लगेच सही केली. अप्पांनी मात्र 'गहाण' हा शब्द ऐकला आणि अंगावर पाल पडल्यासारखे मागं सरले.

"गहाणाच्या घरात बसून लिंगपूजा करू व्हय मी? उद्या गिरणी बंद पडली तर? हप्ता थकला की दारात लिलाव. चारचौघांत काय तोंड दाखवायचं?"

"पण कागद आपल्या नावावर हाय की," अव्वा म्हणाली. "हितं काय आपल्या नावावर हाय? केरसुणी?"

दुसरं घर सावकारांचं. सावकार म्हणजे व्याजाचा धंदा करणारे नव्हेत. त्यांचं सुताचं दुकान होतं, आणि आमच्यात मोठ्या दुकानदाराला सावकारच म्हणतात. आमच्याच समाजाचे, एकाच मठात जाणारे. ते एका सोमवारी घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "माझं एक घर मोकळं हाय. दोन खोल्या, म्होरं अंगण. ऱ्हावा. भाड्यापेक्षा थोडं जास्त देत जावा. जास्तीचं किमतीत धरू. किंमत फिटली की खरेदीखत तुमच्या नावानं. गहाण न्हाय, व्याज न्हाय, सोसायटीची कटकट न्हाय."

अव्वा आतून म्हणाली, "एवढं कागदावर घ्या की लिहून."

सावकारांनी वर बघितलं. सदऱ्यातून गळ्यातलं इष्टलिंग काढलं, तळहातावर घेतलं, कपाळाला लावलं. "ताई, ह्याच्यापरीस मोठा कागद कुटला दाखवू?"

झालं. संपला विषय. आमच्यात लिंग हातात घेऊन बोललेल्या माणसाकडं स्टँपपेपर मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. अप्पांनी तर मागणं शक्यच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अव्वाचाही विश्वास बसला. माझाही बसला. आता जे 'मी असतो तर कागदच केला असता' म्हणून नाकानं कांदे सोलतात, त्यांनी आधी तो सोमवार बघायला हवा होता.

आम्ही राहायला गेलो. अव्वाला काय करू नि काय नको झालं. मातीची जमीन होती, ती उकरून तिनं शहाबादी फरशी घातली. गाडीवाला गल्लीच्या तोंडाशी टाकून गेला, तिथून एकेक फरशी आम्ही मायलेकींनी घरापर्यंत वाहून आणली. न्हाणीला कट्टा केला. गळके पत्रे बदलले. "आपलंच की," हे दोन शब्द त्या वर्षांत तिच्या तोंडून लई ऐकले. सावकार महिन्याला भाड्याची पावती द्यायचे. रेशनकार्डाला लागते म्हणून अप्पाच मागून घ्यायचे. जास्तीच्या पैशाची पावती कधी नव्हती. ती कशाला? त्याला लिंग होतं.

मधे गिरणी काही महिने बंद पडली. अप्पांच्या जोडीदाराचे हप्ते थकले, सोसायटीची नोटीस आली, त्याच्या बायकोच्या हातातल्या पाटल्या गेल्या. सावकार मात्र म्हणाले, "देता येतंय तवा द्या. आपण काय वैरी हाय?" अप्पा अव्वाकडं बघून म्हणाले, "बघितलंस का?" तिनं मान खाली घातली. त्या महिन्यांत अप्पाच खरे ठरले होते, हेही सांगायला हवं.

गिरणी सुरू झाली. थकलेलं सगळं आम्ही सावकारांना भरलं. त्यानंतर एका दुपारी बँकेचा माणूस आला आणि आमच्या दारावर कागद चिकटवू लागला. कागदावर नाव सावकारांचं. आम्हाला घर देण्याच्या कितीतरी आधी त्यांनी तेच घर बँकेकडं गहाण टाकून यंत्रमाग घेतले होते. माग चालले नाहीत. आमचे पैसे सुताच्या दुकानात जिरले, बँकेत पोचलेच नाहीत. आता घराचा लिलाव होता.

अप्पांनी पावत्यांचा गठ्ठा आणून दाखवला. त्या माणसानं दोन-चार चाळल्या. भला होता बिचारा. हसून म्हणाला, "अहो, तुम्ही भाडेकरू आहात. मग कशाला घाबरता? घर कुणीही घेऊ दे, भाडेकरूला असं सहजासहजी कुणी काढत नाही. नव्या मालकाला भाडं द्यायचं."

अप्पा म्हणाले, "व्हय." आणि पावत्यांचा गठ्ठा पुन्हा बांधून ठेवला.

मग ते सावकारांकडं गेले. सावकार ढसाढसा रडले म्हणे. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाले, "मी खोटं बोललो न्हाय. किंमत फिटली असती तर घर दिलंच असतं." आणि अप्पांना ते पटलं! घरी येऊन सांगतात, "शपथ मोडली न्हाय त्यांनी." माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेवढीच एकदा. ज्या गहाणाला भिऊन माझा बाप पळाला, त्याच गहाणात तो राहायला गेला होता, आणि तेही दुसऱ्याच्या. आपलं गहाण निदान आपल्याला दिसतं, रडत-कढत का होईना फेडता येतं. दुसऱ्याचं कसं फेडणार? वकिलाकडं जाऊन आलो. तो म्हणाला, लिंगावरची शपथ कोर्टात चालत नाही. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, दुसरं काय.

मला वाटलं होतं अव्वा आता आकांत करील. भांडी आपटील, अप्पांच्या सात पिढ्या काढील. कानडीत शिव्या द्यायला लागली की गल्ली गोळा व्हायची, अशी बाई ती. तिनं भाकरी केल्या, शेंगाचटणी वाढली, आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशीही तेच. पाय बधिर झाला की चिमटा काढून बघतात ना, तसं मी स्वतःला बघायची. आपलं घर गेलं, असं मनात म्हणायची. काही नाही. भाजीवाल्याशी दहा पैशांसाठी हुज्जत घालणारी माझी आई, आता तो देईल ती भाजी घ्यायला लागली. गिरणीचा भोंगा व्हायचा, अप्पा जायचे, यायचे. कुणी कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

घर एका कापडवाल्यानं घेतलं. माणूस सज्जन, उगाच वाईट कशाला बोलू. बघायला आला तेव्हा चप्पल बाहेर काढून आत आला. खाली बघून म्हणाला, "फरशी झकास बसवलीया. कुणी घातली?"

अव्वा म्हणाली, "आदीच्या लोकांनी."

मी तिच्याकडं बघितलं. ती पदरानं हात पुसत होती.

जोडीदाराकडं त्यानंतर आम्ही एकदा गेलो होतो. हप्ते अजून चालूच होते, बायकोच्या हातात काचेच्या बांगड्या. पण त्यानं मागं एक खोली वाढवायला घेतली होती, आणि विटा कमी पडल्या म्हणून नवराबायको कडाकडा भांडत होते. अव्वा त्यांचं भांडण ऐकत बराच वेळ बसली.

पुढं माझं लग्न ठरलं. मांडव अंगणात घालायचा, म्हणजे मेढी रोवायला खड्डे काढायला हवेत. मालकाला विचारायला हवं. अप्पांचा पाय उचलेना. दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढून ठेवली. शेवटी अव्वाच कापडवाल्याच्या दुकानात गेली. मालक म्हणाले, "काढा की. लेकीचं लग्न हाय. फक्त नंतर तेवढं बुजवून घ्या."

लग्न झालं. मी सासरी गेले आणि मांडवपरतणीला माहेरी आले. गल्लीत इतर कुणाच्या मांडवाला आठ-आठ दिवस कुणी हात लावत नाही. आमच्या अंगणात मांडव नव्हता. खड्डे चोपून बुजवलेले, वरून शेणानं सारवलेलं. मेढ कुठं होती तेही ओळखू येत नव्हतं.

"अव्वा, एवढी काय घाई होती गं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मालक बघायला आले तर?"