कंदीलवालीला घ्या

अभ्यासिकेतले किस्से साठत जातात, कारण तिथे बोलायला मनाई आहे. बाहेर एखादी गोष्ट बोलून टाकली की संपते. अभ्यासिकेतली संपत नाही, दप्तरात बसून घरी येते. माझ्याकडे अशा बऱ्याच साठल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक पल्लवीताईच्या आहेत, आणि ती आता तिथे येत नाही. म्हणून सांगून टाकते.

आमची अभ्यासिका विहाराच्या वरच्या मजल्यावर आहे. रिटायर झालेले मेश्राम सर ती सांभाळतात. दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. पाटीखालीच सरांची खुर्ची आहे, त्यामुळे पाटी वाचायची कोणाला गरज पडत नाही.

मला शाळेत हात वर करता येत नाही. उत्तर येत असतं, हात येत नाही. अभ्यासिकेत सगळेच गप्प असतात, म्हणून तिथे मी सगळ्यांच्या बरोबरीची होते.

* * *

पल्लवीताई, अनिकेत, रुची आणि मी, आम्हा चौघांना मोबाईलवरच्या एका मारामारीच्या गेमचं वेड होतं. त्यात वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकमेकांशी लढायला येतात. शर्यतीच्या गेममधला ड्रायव्हर इकडून, शेतीच्या गेममधली म्हातारी तिकडून. आम्ही त्याला नुसतं ‘आखाडा’ म्हणायचो. मधूनमधून कंपनी नवीन पात्र जाहीर करते, आणि तोवर जगभरचे लोक ‘आता कोण यायला पाहिजे’ यावर भांडत बसतात. ते बहुतेक ओरडून भांडत असतील. आम्ही खुणांनी भांडायचो.

अनिकेत कोराडीचा, वीज केंद्राच्या कॉलनीतला. दहावीसाठी इथे मामाकडे राहतो. त्याला आखाड्यात दगडी कोळशाचा राक्षस हवा होता. एका दुपारी तो राक्षस कशी झेप घेईल हे दाखवायला अनिकेत खुर्चीवरून उठला, दोन्ही हात पसरले आणि मागच्या माठावर जाऊन आदळला. माठ फुटला.

सर आले. त्यांनी फुटलेला माठ पाहिला, मग भिजलेला अनिकेत पाहिला.

“कोणता विषय चालू होता?”

“भूगोल, सर.”

“जलचक्र दिसते,” सर म्हणाले. “पुसून घे.”

* * *

माठ फुटल्यानंतर पल्लवीताईने एक खूण ठरवली. तिची जागा दारासमोर होती. सर उठताना दिसले की ती दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडायची, आणि आम्ही समोर जे असेल त्यात मान खाली घालायची.

एकदा माझी मैत्रीण रुची हिच्यासमोर डबा उघडा होता. ताईचे तळवे उघडले, रुचीने मान खाली घातली आणि भेंडीची भाजी वाचत बसली. सर तिच्या मागे येऊन बराच वेळ उभे राहिले. मग जाता जाता म्हणाले, “पान पलट.”

* * *

पल्लवीताई आमच्यापेक्षा मोठी. ती मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायची, आधी दोनदा थोडक्यात हुकली होती. आम्हाला सायन्समधलं काही अडलं की ती जिन्यात नेऊन समजावायची. जिन्यात हळू बोललेलं ऐकू आलं नाही असं सर दाखवायचे. यंदा शेवटचं, असं तिच्या बाबांनी सांगितलं होतं. झालं तर कॉलेज, नाही तर कळमेश्वरच्या कंपनीत बाबांच्या ओळखीने नोकरी. हे ती आम्हाला इतक्या साधेपणाने सांगायची, की जणू दुसऱ्या कोणाचं सांगते आहे.

आखाड्यात तिला कंदीलवाली हवी होती. एका जुन्या, आता कोणी खेळत नाही अशा गेममध्ये ही बाई भुयाराच्या तोंडाशी कंदील धरून उभी असते. बस, एवढंच तिचं काम. तिची खूण म्हणजे मूठ आवळून उजवा हात डोक्यावर न्यायचा आणि कंदील हलवल्यासारखा डावीकडून उजवीकडे फिरवायचा.

जिन्यात यावरून मोठी चर्चा झाली.

“ते लढतच नाही ना, ताई,” अनिकेत म्हणाला. “आखाड्यात येऊन करन काय?”

“तिच्याबिगर ते भुयार पार केलं का कोणी?”

“नाही.”

“मंग?”

“पण ते सोता कधी पार जातच नाही. सगळे जाते अन् ते तिथंच उभी राह्यते.”

ताईने हातातल्या पेनला टोपण लावलं.

“म्हणूनच तं म्हणून राहिली,” ती म्हणाली, “आता तरी घ्या तिले.”

* * *

कोण हवं ते खेळणाऱ्यांनी कळवा, असं आखाडा बनवणाऱ्या कंपनीनेच एकदा जाहीर केलं. ताईने मला म्हटलं, “तू लिही वं, तुझं लिहिलेलं नीट राह्यते.” मी मागच्या बाकावर बसून कच्चं लिहिलं, खाडाखोड केली, नको तो भाग फाडून टाकला. चांगलं उतरवून आम्हा चौघांच्या नावाने पाठवलं.

फाडलेला कागद मात्र टेबलाखाली राहिला. त्यावर एवढंच होतं : ‘कंदील पाहिजेच. अंधारात आम्ही पुढे जायचं कसं?’

दुसऱ्या दिवशी सर घरून एक खरा कंदील घेऊन आले. काच राखेने घासून लख्ख केलेली, नवीन वात घातलेली. तो कपाटावर ठेवून ते आमच्याकडे वळले. अभ्यासिकेत ते मोठ्या आवाजात बोललेले मी तेव्हाच ऐकले.

“लाईट गेली तं अभ्यास थांबू नये, बरोबर हाय तुमचं.” मग त्यांनी अनिकेतकडे पाहिलं. “पण वीज तुमच्याच गावात तयार होते, गा. आन् कंदील माह्याकडं मागता?”

अनिकेतने कोराडीच्या वतीने माफी मागितली. खरं काय ते सरांना कोणीच सांगितलं नाही. कंदील फार सुंदर दिसत होता.

* * *

ताईचा निकाल लागला. तिचे मार्क मागच्या वेळेपेक्षा वाढले होते. कटऑफ त्याहून जास्त वाढला होता.

ती पुस्तकं न्यायला आली तेव्हा आम्ही तिघं तिच्यासोबत जिन्यात बसलो. अनिकेतने धीर केला.

“ताई, आखाड्यात नाही का, पहिल्या यादीत नाव नसलं तरी मागून घेतात.”

“लोकं मागतात म्हणून घेतात, गा,” ती म्हणाली. “मले कोण मागून राहिलं?”

रुची रडायला लागली. ताईने तिला एक गाइड दिलं, मला तिची पेन दिली, अनिकेतला म्हणाली, “माठापासून दूर राह्य.” मग ती जिना उतरून गेली. आम्ही तिघं मागत होतो तिला. पण हे तिला खालच्या फाटकाचा आवाज झाल्यावर सांगायचं सुचून काय उपयोग?

* * *

ताईची जागा चांगली होती, खिडकी आणि पंखा दोन्ही. नवीन आलेला एक मुलगा थेट तिथे जाऊन उभा राहिला. सरांनी त्याला थांबवलं.

“सर, इथं कोणी बसते का?”

सरांनी कपाटावरचा कंदील काढला, टेबलावर ताईच्या जागी ठेवला आणि म्हणाले, “दिसून नाही राहिलं का? बसलेली हाय.”

* * *

नवीन पात्र जाहीर झालं ते एका संध्याकाळी. अनिकेतने टेबलाखाली फोन धरला होता, आवाज बंद करून. पडद्यावर आधी नुसता काळोख दिसला. बराच वेळ काळोखच. मग एक मूठ वर आली, आणि तिच्याखाली एक ज्योत हलली.

आम्ही तिघं आवाज न करता किंचाळलो. रुचीने माझा दंड इतका दाबला, की वळ उठले. आणि तिघांनीही एकदम दारासमोरच्या जागेकडे पाहिलं. तिथे सरांचा कंदील होता.

ताईचा फोन लागत नव्हता. तिने नंबर बदलला होता. अनिकेत तिच्या घरी जाऊन आला, तर आई म्हणाली, पोरगी कंपनीत लागली, आल्यावर सांगीन. पण काय सांगायचं ते आईला नीट कळलं नाही, अनिकेतलाही ते नीट सांगता आलं नाही. “कंदील आला म्हणा,” असं काहीतरी तो सांगून आला.

* * *

त्यानंतर एका सकाळी मी सायकलने शाळेत जात होते. काटोल नाक्यावर सिग्नल लागला. शेजारी कळमेश्वरला जाणारी कंपनीची बस थांबली होती. वर पाहिलं तर बंद काचेमागे पल्लवीताई. निळं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, कपाळ काचेला टेकलेलं. तिचं लक्ष नव्हतं.

मी हाक मारली. ती मलाच जेमतेम ऐकू आली.

मग मी सायकल स्टँडवर लावली, मूठ आवळून उजवा हात डोक्यावर नेला आणि हलवू लागले. डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले.

शेजारचा ऑटोवाला म्हणाला, “कोणाले थांबवून राहिली वं पोरी? सिग्नल लालच हाय.”

ताईने पाहिलं. आधी मला ओळखलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं आणि तिचं कपाळ काचेवरून सुटलं. तिने ओठांनी विचारलं, “आली?”

मी जोरजोरात मान डोलावली.

ती जागेवरून अर्धी उठली. मूठ वर नेली, पण बसच्या छताला लागली, म्हणून तेवढ्याच जागेत तिने कंदील हलवला. तिच्या बाजूला झोपलेली बाई जागी झाली आणि तिच्याकडे बघत राहिली.

सिग्नल हिरवा झाला. बस हलली. ताईने काचेला चेहरा लावून मला शोधलं, माझ्या दप्तराकडे पाहिलं आणि दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडले.

मी भर चौकात, समोर काहीच नसताना, मान खाली घातली.